गड आणि डोंगर : शरदातील सिंहगडाच्या वाटेवरून मराठी दुर्गलेखनाकडे पाहताना

निमित्त

पदवी वर्गातील विद्यार्थ्यांना 'मी पाहिलेला किल्ला' हा विषय लेखनासाठी देण्याची आमच्याकडे जुनी प्रथा आहे. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवून झाला की हा स्वाध्याय ठरलेला. काही वर्षांपूर्वी सिंहगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतून येणाऱ्या विद्यार्थ्याने सिंहगडावर तीन पाने लिहून दिली. त्यात तानाजी होता, उदयभान होता, घोरपड होती, 'आधी लगीन कोंढाण्याचे' होते. शुद्धलेखन बरे होते. लेखन तपासल्यानंतर सहज बोलताना कळले की त्याची आई गेली अनेक वर्षे दर शनिवार-रविवारी पहाटे डोक्यावर पाटी घेऊन गड चढते आणि वर दही-ताक विकते. सुट्टीच्या दिवशी तो स्वतःही पाण्याचे कॅन वर नेतो. तीन पानांत याचा एक शब्दही नव्हता. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, ते निबंधात लिहायचं असतं का?"

या प्रश्नाला माझ्याजवळ तत्काळ उत्तर नव्हते. त्याने जे लिहिले ते त्याने वाचलेल्या पुस्तकांना धरूनच होते. दोष असलाच तर तो त्या पुस्तकांचा आणि ती शिकवणाऱ्या आम्हा अध्यापकांचा आहे. प्रस्तुत लेखात मराठी दुर्गलेखनाच्या या सवयीचा विचार केला आहे. त्यासाठी सिंहगड हे एकच स्थळ आणि शरद हा एकच ऋतू घेतला आहे. पुण्यासारख्या महानगराला इतका जवळचा आणि इतका चढला जाणारा दुसरा डोंगर नाही, म्हणून सिंहगड. शरद का, याचे उत्तर पुढे येईल.

तीन शब्द

शहराजवळच्या उंचवट्यासाठी मराठीत तीन शब्द सहज वापरले जातात : टेकडी, डोंगर आणि गड. पुणेकर सकाळी 'टेकडीवर' जातो. तेथे आरोग्य असते, गप्पा असतात, निवृत्तांची मंडळे असतात. पर्वती, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी ही या शब्दाची ठिकाणे होत. 'गडावर' जाणे ही निराळी क्रिया आहे. तिच्यात इतिहास आहे, क्वचित यात्रेचा भाव आहे. 'डोंगर' हा शब्द मात्र नागर बोलीतून हळूहळू मागे सरकला आहे. तो गुराख्याचा, गवत कापणाऱ्याचा, मध काढणाऱ्याचा राहिला. सिंहगड हा भूगोलाच्या दृष्टीने सह्याद्रीच्या भुलेश्वर रांगेतला एक डोंगर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. आतकरवाडीच्या वाटेने गेल्यास सुमारे सहाशे मीटरांचा सरळ चढ. हे वाक्य कोणत्याही माहितीपुस्तकात सापडते आणि बहुतेक वेळा पहिल्या परिच्छेदातच संपते. दुसऱ्या परिच्छेदापासून गड सुरू होतो.

शब्दांची ही विभागणी निरुपद्रवी वाटते, परंतु तिचे परिणाम लेखनात स्पष्ट दिसतात. गडाला वास्तू असतात, वारस असतात, तिथी असतात. डोंगराला यांपैकी काही नसते. त्यामुळे गडाविषयी लिहिणे सोपे जाते आणि डोंगराविषयी लिहिताना लेखक गडबडतो.

खिडकीतून दिसलेला गड

सिंहगडाचा लिखित आयुष्यक्रमच वेढ्याने सुरू होतो. महंमद बिन तुघलकाने १३२८ मध्ये कोंढाण्याला वेढा घातला आणि कोळी सरदार नाग नायकाने तो कित्येक महिने झुंजवला, ही हकिगत इसामीच्या फार्सी काव्यात येते. हे काव्य १३५० मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर या जागेविषयी जे काही लिहिले गेले त्याचा कणा 'किल्ला घेतला, किल्ला दिला' हाच राहिला : १६६५ चा पुरंदरचा तह, ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, १७०० मध्ये गडावर झालेला राजाराम महाराजांचा मृत्यू. इतिहासाच्या दृष्टीने हे स्वाभाविकच आहे. साहित्याने मात्र इतिहासाचा हा कणा जसाच्या तसा उचलला.

शाहीर तुळशीदासाचा पोवाडा या संदर्भात मुद्दाम पाहावा. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांच्या १८९१ च्या संग्रहामुळे तो छापील मराठीत स्थिरावला. प्रतापगडावर असलेल्या जिजाबाईंच्या नजरेला लांबवर सिंहगड पडतो आणि तेथून कथानक हलते. सोंगट्यांचा डाव, रायबाचे लग्न, यशवंती घोरपड हे सारे नंतरचे. म्हणजे मराठी कवितेत सिंहगड प्रथम येतो तो दूरवरून, नजरेच्या टप्प्यातली एक हवीशी वस्तू म्हणून. तो चढला जातो तोही रात्री, कड्याच्या बाजूने, दोराने. पायवाटेचा या काव्याशी संबंध नाही. पोवाड्याकडून पायवाटेची अपेक्षा करणे अर्थातच अन्यायाचे होईल. त्याचे काम वेगळे आणि ते त्याने उत्तम केले आहे. घोरपडीच्या गोष्टीला इतिहाससंशोधकांनी आधार नाही म्हटले, 'सिंहगड' हे नाव तानाजीच्या मृत्यूपूर्वीच्या, १६६३ च्या शिवकालीन पत्रात आढळते हेही दाखवून दिले. तरीही लोकमानसात पोवाड्याचीच आवृत्ती टिकली, हे त्याच्या सामर्थ्याचे गमक होय.

हरिभाऊ आपटे (१८६४–१९१९) यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीची गोष्ट निराळी आहे. कादंबरी हा सावकाश पाहणारा प्रकार. पुण्यात राहणाऱ्या आणि सामाजिक कादंबरीत घराचा कोपरान्‌कोपरा दाखवणाऱ्या हरिभाऊंकडून डोंगराचा थोडा तरी तपशील अपेक्षित होता. परंतु कादंबरीचा मोठा भाग उदयभान आणि कमलकुमारी यांच्या कथानकाने व्यापला आहे, आणि गड हे त्या कथानकाचे बंदिस्त स्थळ म्हणूनच अधिक येतो. ज्या लेखकाला वाड्यातील माजघर दिसले त्याला शहराबाहेरचा डोंगर दिसू नये, ही बाब आपल्या ऐतिहासिक कादंबरीच्या घडणीविषयी बरेच काही सांगते. पुढे या कादंबरीचे शीर्षक म्हण बनून गेले आणि सिंहगड त्या म्हणीत कायमचा जाऊन बसला. आज तो रस्त्याचे नाव आहे, रेल्वेगाडीचे नाव आहे. 'सिंहगड रोडला राहतो' असे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर डोंगर येत असेलच असे नाही.

धुक्याचे लेखन

स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः गिर्यारोहण संस्था आणि भटकंतीचे मंडळ संस्कृतीचा भाग झाल्यावर, दुर्गलेखनाला दुसरा सूर मिळाला : पावसाचा. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत जून ते ऑगस्टमध्ये जे भटकंतीचे लेख येतात ते पाहिले तर धुके, धबधबे, चिंब वाटा, गरम भजी या चार गोष्टींवर निम्म्याहून अधिक मजकूर उभा असतो. पावसाळी सह्याद्री सुंदर असतो यात वाद नाही. पण या लेखनाचे एक वैशिष्ट्य सहसा ध्यानात घेतले जात नाही. धुक्यात काही दिसत नाही. विशेषतः शहर दिसत नाही. माणूस पुण्याहून तासाभरात निघून आलेला असतो, दुपारी परत जायचा असतो. परंतु धुक्याच्या पडद्याआड तो स्वतःला कोठेतरी फार दूर आल्याचे पटवू शकतो. इतिहासही हेच काम करतो. तोही वर्तमान झाकतो. सतराव्या शतकात उभे राहिले की एकविसाव्या शतकातील प्लास्टिकची बाटली पायाखाली येत नाही. त्यामुळे पाऊस आणि इतिहास हे या लेखनातील दोन परस्परविरोधी सूर नसून एकाच गरजेची दोन रूपे आहेत, असे माझे मत झाले आहे.

आता शरदाचा प्रश्न घेता येईल. आश्विन-कार्तिकात सिंहगडावर धुके नसते आणि तानाजीची माघ वद्य नवमीही लांब असते. दोन्ही पडदे उचललेले असतात. अशा वेळी लेखकाजवळ काय उरते, ही त्याच्या दृष्टीची कसोटी ठरते.

आश्विनातली वाट

नवरात्रानंतरच्या एका रविवारी मी आतकरवाडीकडून चढलो. सकाळी सातला सुरुवात केली तरी पहिल्या टप्प्यावरच ऑक्टोबरचा चटका जाणवू लागला. पावसाळ्यात या वाटेवर चिखल असतो. शरदात ती कोरडी होते आणि तिची खरी अवस्था दिसते. हजारो पावलांनी आणि वाहत्या पाण्याने माती निघून गेलेली, झाडांची मुळे उघडी पडलेली, मूळ वाटेला समांतर तीन-चार नव्या वाटा फुटलेल्या. गवत वाळू लागलेले. हिरव्याचे सोनेरी होण्याचा हा काळ लांबून मोहक दिसतो. जवळ गेले की कुसळे कपड्यांत घुसतात. घरी आल्यावर मोज्यांतून ती उपटताना तासभर गेला. वरच्या अंगाला सोनकीची पिवळी फुले अजून होती. तेरडा संपत आला होता, त्याच्या बोंडांना हात लावला की बिया उडत. बेसाल्टच्या थरांमधून कोठेकोठे पाणी अद्याप पाझरत होते. सह्याद्रीचा हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे हे आपण भूगोलात शिकतो, पण थरावर थर कसे बसले ते बघायचे तर गवत उतरू लागल्यावरच.

निम्म्या वाटेवर एक बाई पाटी उतरवून बसल्या होत्या. शेजारी बसलो.

"मावशी, आज गर्दी कमी आहे."

"आता कोन येतंय? पावसात बघा, पाय ठेवाया जागा न्हाई. गवत बघायला कशाला येतील लोकं?"

"तुम्हाला मग बरं, चढायला मोकळी वाट."

"आमाला काय बरं? गर्दी न्हाई तर दही तसंच खाली न्यायाचं. वाईच ताक घ्या, ऊन लागंल."

चढावर तोल सावरण्यासाठी डोक्यावरच्या चुंबळीचा कपडा त्या पुन्हा पुन्हा घट्ट करत होत्या. त्या बोलताना 'गडावर जाते' असेच म्हणत होत्या. माझ्या आधीच्या मांडणीला हे थोडे अडचणीचे आहे. मी 'डोंगर' हा शब्द त्यांच्याकडे सोपवला होता. त्यांनी तो गुरांसाठी आणि गवतासाठी राखून ठेवला होता. दही विकायला त्या गडावर जात होत्या. म्हणजे 'गड' हा शब्द केवळ वीरकथेचा नाही. पायथ्याच्या बायकांसाठी तो बाजाराचा, रोजीचा शब्द आहे. आपल्या लेखनाने या शब्दाचा फक्त एक अर्थ छापला आणि दुसरा बोलीत पडून राहिला, असे आता म्हणावेसे वाटते.

पुणे दरवाजातून वर आल्यावर दृष्टी दूरवर गेली. नैऋत्येकडे राजगड आणि तोरणा स्वच्छ. खाली खडकवासल्याचे भरलेले पाणी. आणि ईशान्येकडे, पावसात कधी न दिसणारे, पुणे : इमारतींची एक फिकट, लांबच लांब रेघ, मधूनमधून डोंगरउतारांवर चढलेली. शरदातला सिंहगड हे शहर पाहण्याचे ठिकाण आहे. पोवाड्यात गड दुरून पाहिला जातो. येथे गडावरून शहर पाहिले जाते. या उलट्या नजरेतून लिहिलेले मराठी गद्य फार थोडे आहे.

शरदाची दुसरी परंपरा

शरदाविषयी मराठीत लिहिलेच गेले नाही असा याचा अर्थ नाही. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'तील तिसरा सर्ग शरदाचा आहे आणि त्याची छाया आपल्या पंडिती काव्यावर पडली आहे. ज्ञानेश्वरांना शरदाचे चांदणे किती प्रिय होते हे चकोराच्या दृष्टांतातून दिसते. परंतु हा शरद आकाशाचा आहे : चंद्र, निवळलेले ढग, स्वच्छ पाणी. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) शरदाला जमिनीवर आणते, झाडाझुडपांत आणते. महिन्यामहिन्याने निसर्ग कसा पालटतो याचे इतके बारीक निरीक्षण मराठी ललित गद्यात तोवर नव्हते. त्यातील ऋतू मात्र एका विशिष्ट डोंगराला, त्यावर चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांना बांधलेला नाही; त्या पुस्तकाचा तो हेतूही नव्हता.

चिनी कवितेशी तुलना केली तर ही उणीव अधिक ध्यानात येते. तेथे चांद्र वर्षाच्या नवव्या महिन्यातील नवव्या दिवशी उंच जागी चढण्याची रीत आहे, आणि 'उंचावर चढणे' हा कवितेचा स्वतंत्र विषयच बनला. तू फू (७१२–७७०) याची या शीर्षकाची कविता प्रसिद्ध आहे. तीत शरद आहे, गळणारी पाने आहेत आणि चढणारा माणूस स्वतः आजारी, वृद्ध, घरापासून लांब आहे. वीर नाही. आपल्याकडेही याच काळात दसरा येतो आणि सीमोल्लंघन होते. मराठ्यांच्या मोहिमा पावसाळ्याची छावणी उठवून दसऱ्यानंतर निघत. वाटा कोरड्या होत, नद्या उतरत, गवत तयार होई. म्हणजे शरद हा मराठी इतिहासात वाटेचाच ऋतू आहे. गंमत अशी की या ऋतूचे ऐतिहासिक महत्त्व सर्वांना ठाऊक असूनही आपल्या दुर्गलेखनाने तो वाट म्हणून कधी अनुभवला नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तील दुर्गप्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथात गडावरील पाणी, टाकी, झाडे यांची जी काळजी व्यक्त झाली आहे ती आजच्या अनेक दुर्गप्रेमी लेखांपेक्षा अधिक ठोस आहे. अमात्यांना गड चालवायचा होता, म्हणून त्यांना डोंगर विसरणे परवडणारे नव्हते.

गो. नी. दांडेकर आणि त्यानंतर

गो. नी. दांडेकरांना (१९१६–१९९८) वगळून हा विषय पुरा होत नाही. 'दुर्गभ्रमणगाथे'ने मराठी तरुणांच्या किमान दोन पिढ्यांना किल्ल्यांवर नेले, हे ऋण मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. मला मात्र दांडेकरांच्या दुर्गलेखनापेक्षा त्यांच्या कादंबऱ्या डोंगराच्या अधिक जवळ गेलेल्या वाटतात. 'माचीवरला बुधा'मधील राजमाची ही प्राधान्याने झाडांची, पाखरांची, एकट्या म्हाताऱ्याची आहे. बुधा मुंबई सोडून परत आला आहे हे विसरू नये. शहर आणि डोंगर यांचे नाते त्या छोट्या कादंबरीच्या मुळाशीच आहे. 'जैत रे जैत'मध्ये ठाकरांचा डोंगर त्यांच्या देवाचा आणि मधमाश्यांचा आहे. येथे 'गड' मागे पडतो. परंतु हेच दांडेकर स्वतः भ्रमंतीला निघतात तेव्हा त्यांचा स्वर भक्ताचा होतो, आणि भक्ताला वाटेवरचा माणूस दिसतो तो बहुधा वाटाड्या किंवा यजमान म्हणून. त्यांच्या अनुयायांनी कादंबरीकाराची नजर सोडली आणि भक्ताचा स्वर तेवढा उचलला. तो स्वर उसना घेणे सोपे असते.

याच्या उलट, ज्यांना साहित्य म्हणून कोणी गणले नाही अशा मार्गदर्शक पुस्तकांनी डोंगराला बरा न्याय दिला आहे. आनंद पाळंदे यांचे 'डोंगरयात्रा' किंवा प्र. के. घाणेकर यांची किल्ल्यांविषयीची पुस्तके यांतील गद्य कोरडे आहे, पण त्यात रांग आहे, खिंड आहे, पाणी कोठे मिळेल हे आहे. विद्यापीठीय समीक्षेने या गद्याची दखल घेतलेली नाही. ती घ्यावयास हवी, कारण चालणाऱ्या माणसाचे पाऊल ज्या भाषेत उमटते ती भाषा मराठीत प्रथम तेथे घडली.

प्रश्न केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा असता तर तो इतका ताणण्याचे कारण नव्हते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यात राजगड आहे, सिंहगड नाही. नावातला 'भूप्रदेश' हा शब्द महत्त्वाचा आहे. तो तटबंदीच्या पलीकडचा डोंगर, गवत, पाणी, वस्ती यांना कवेत घेतो. आपल्याकडे या घटनेवर जे लिहिले गेले त्यातील माझ्या वाचनात आलेला बराचसा मजकूर अभिमानाचा होता आणि या शब्दाकडे त्याचे लक्ष गेले नव्हते. दही विकणाऱ्या बाईची झोपडी प्रशासकीय भाषेत 'अतिक्रमण' ठरते आणि प्रवासवर्णनात 'गडावरची खास चव'. दोन्ही भाषांत ती त्या डोंगराची रहिवासी नसते. तिच्या हक्काचा निवाडा समीक्षक करू शकत नाही, पण ज्या भाषेत तो निवाडा होणार आहे ती भाषा तपासणे त्याचे काम आहे.

स्वाध्यायाचा विषय मी पुढच्या वर्षी बदलला : 'मी चढलेली वाट'. त्याच विद्यार्थ्याने पुन्हा सिंहगडावरच लिहिले, यावेळी दीडच पान. दिवाळीच्या आधी गवत कापण्याविषयी होते. विळा, पेंढी, भारा, गंजी हे शब्द त्यात होते आणि आणखी काही असे होते की त्यांचे अर्थ मला त्यालाच विचारावे लागले. शुद्धलेखनाच्या चुका मागच्यापेक्षा जास्त होत्या. तानाजीचे नाव एकदाच आले होते : गवत कोठले चांगले हे सांगताना, तानाजी कड्याच्या खालच्या अंगाचे.